चाळणकाकूंनी घटपर्णीसाठी केलेलं मिश्रण

आमच्या लॅबमध्ये चाळणकाकूंना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. खुर्ची आहे त्यांना. तिच्यावर त्यांची पर्स बसते.

बांधकामाच्या साइटवरून वाळूचे आणि खडीचे नमुने पोत्यांतून आमच्याकडे तपासायला येतात. ते चाळायचं काम काकूंचं. एकावर एक रचलेल्या गोल चाळण्या, सगळ्यात वर मोठ्या भोकांची, खाली खाली बारीक, तळाशी थाळी. हा मनोरा मशीनवर बसवला की मशीन तो थडथड हलवतं आणि प्रत्येक चाळणीत आपापल्या मापाचा माल अडकून राहतो. मशीन चालू असताना दुसरं कुणी असतं तर चहा पिऊन आलं असतं. काकू मनोऱ्यावर तळहात ठेवून उभ्या राहतात.

"काकू, त्याला मोटर आहे," फोड्या म्हणतो. फोड्या म्हणजे पलीकडच्या दाबयंत्रावरचा ऑपरेटर. काँक्रीटचे ठोकळे किती जोराला फुटतात ते तो बघतो. दिवसभर फोडतो म्हणून फोड्या. दुसऱ्या कुणी याहून वाईट नाव ठेवायच्या आत आपणच ठेवून घेतलं, असं तो सांगतो.

"मोटरला डोळे आहेत का?" काकू म्हणतात.

चांगल्या मालाची त्यांची कल्पना पक्की आहे. मोठ्या खड्यांच्या फटीत लहान खडे बसले पाहिजेत, लहान खड्यांच्या फटीत वाळू आणि वाळूच्या फटीत पूड. फटी जितक्या कमी तितकं काँक्रीट भक्कम. मी कॉलेजात हे आलेख काढून शिकले होते. काकू मूठभर माल हातात घेऊन, बोटांत चोळून सांगतात, "पोकळ आहे गं, मधलं माप कमी पडलंय." आणि मशीन बहुतेक वेळा तेच म्हणतं.

फक्त हा नियम त्या खडीपुरता ठेवत नाहीत. कुणाच्या दिवसात रिकामी फट दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. मी डब्याचं झाकण लावलं तरी त्या येऊन एकदा दाबून बघतात. साहेबांच्या टेबलावरचे कागद त्यांनी इतक्या वेळा सारखे केलेत की साहेबांना आता आपलेच कागद त्यांना विचारावे लागतात. फोड्याला सुट्टीत कुठे जावं, कुणाकडे उतरावं, येताना काय आणू नये, हे सगळं काकूंनी ठरवून दिलं होतं. तो गेलाच नाही. घरी झोपून राहिला आणि आल्यावर खोटं सांगितलं की छान झाली सहल.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. काकूंची लेक हसली नाही.

ती छकू. वयाने मोठी झाली तरी घरात छकूच. खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीत ती खेळण्यांच्या खोक्यांची डिझाइनं करायची. काम वाढलं आणि ती उशिरा घरी यायला लागली. काकूंनी आठवडाभर दारात उभं राहून वाट पाहिली आणि मग सरळ तिच्या ऑफिसचा नंबर शोधून तिच्या वरिष्ठ बाईंना फोन लावला. माझ्या मुलीला पित्ताचा त्रास आहे, तिला जेवणाच्या वेळेला सोडत जा. आणि रिकामी खोकीच तर काढायची असतात, त्याला एवढा वेळ कशाला लागतो?

बाई सभ्य होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या देखत, छकूला विचारलं की पित्त आता कसं आहे.

छकू घरी येऊन भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काकू म्हणतात. भांडण त्यांना पेलतं. तिने कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या शाखेत बदली मागून घेतली आणि सामान बांधलं. जाताना एवढंच म्हणाली, "फोन मी करीन. तू करायचा नाहीस. आणि बाबांना करीन."

सामानात एक गोष्ट मावण्यासारखी नव्हती. तिची घटपर्णी. काचा लावलेल्या बाल्कनीत कुंडी टांगलेली असायची. प्रत्येक पानाच्या टोकातून एक बारीक दोरी निघते, ती खाली लोंबते आणि तिच्या टोकाला एक सुरई तयार होते, झाकणासकट. सुरईत थोडं पाणी असतं. किडा काठावर बसतो, घसरतो, आत जातो आणि झाडाचं जेवण होतं. छकूने कॉलेजात असताना बोटाएवढी फांदी आणून ती वाढवली होती. प्रवासात सुरया मोडल्या असत्या, मुळं दुखावली असती, म्हणून ती मागे राहिली.

"या घरात तोंड उघडं ठेवून गप्प राहणारी ही एकटीच," असं काका तिच्याबद्दल म्हणायचे, बायकोकडे न बघता.

काका म्हणजे काकूंचे यजमान. बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. आयुष्यभर उभा राहिलेला माणूस एकदा बसला तो बसलाच. छकूचा फोन दर रविवारी त्यांच्या मोबाइलवर यायचा.

"बाबा, घटपर्णी कशी आहे?"

"आहे."

"आहे म्हणजे कशी आहे?"

"हिरवी."

"नवीन सुरई आली का? पानाची दोरी किती वाढलीय?"

काका थोडा वेळ बाल्कनीकडे बघायचे आणि म्हणायचे, "हे बघ, गाडीत किती माणसं आहेत ते मी न मोजता सांगतो. हे मला नाही जमत. आईशी बोल." आणि फोन काकूंच्या हातात द्यायचे. छकूही नको म्हणायची नाही. अशी मायलेकींची बोलाचाली परत सुरू झाली, पण फक्त झाडाविषयी. एकदा काकूंनी मध्येच विचारलं, जेवतेस ना वेळेवर? तर पलीकडून उत्तर आलं, "झाडाचं बोल ना आई." तेव्हापासून त्या झाडाचंच बोलायच्या. सोमवारी लॅबमध्ये आल्या की चेहऱ्यावरून कळायचं फोन किती लांबला ते.

"काल बरंच बोलली," त्या सांगायच्या.

"काय म्हणाली?"

"मोठ्या सुरईचं झाकण पूर्ण उघडलं का विचारत होती."

"मग?"

"मग काय, सांगितलं ना, उघडलं."

यापलीकडे काही नसायचं. पण त्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

मग कुंडीला वास यायला लागला. मातीऐवजी आत भरलेलं शेवाळ काळं पडून चिखलासारखं झालं होतं, पाण्याचा निचरा नीट होत नव्हता आणि खालच्या पानांच्या कडा तपकिरी दिसत होत्या. काकूंनी छकूला सांगितलं. ती म्हणाली, "मिश्रण जुनं झालंय. बदलावं लागेल. तिकडे काय काय मिळतंय ते बघून ठेव. पुढच्या रविवारी ठरवू."

सोमवारी काकू माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "ठरवू, म्हणाली."

"काय?"

"अगं, ठरवते नाही म्हणाली. ठरवू, असं म्हणाली."

त्या आठवड्यात त्यांच्या पायाला भिंगरी लागली. डबा अर्धा खाऊन त्या बाहेर पडायच्या आणि हातात पिशवी घेऊन परतायच्या. रोपवाटिकेतल्या माणसाने त्यांच्यापुढे खत घातलेल्या काळ्या मातीचं पोतं ठेवलं. "बाई, यात काहीही लावा, उगवतं."

"हिला उगवायचं नाहीये, ती उगवलेली आहे," काकू म्हणाल्या. "आणि हिला खत चालत नाही. जमिनीत खायला मिळत नाही म्हणूनच तर ती किडे धरते. तुम्ही तिला पंगत वाढून द्याल, मुळं जळतील."

खालच्या मजल्यावरच्या शेजारीण बाईंनी स्वयंपाकघरातल्या सालीचं घरगुती खत देऊ केलं. त्यांनाही तेच ऐकावं लागलं. इंटरनेटवर एकजण सांगत होता नुसतं लांब धाग्यांचं शेवाळ वापरा. दुसरा म्हणत होता शेवाळ अर्धं आणि पाइनच्या सालीचे तुकडे अर्धे. तिसरी एक बाई नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाइट घालत होती. परलाइट म्हणजे ज्वालामुखीतल्या दगडाच्या फुलवलेल्या पांढऱ्या लाह्या, हाताला काहीच वजन लागत नाही. काकूंनी सगळं आणलं. सोडणात मीठ असतं म्हणून ते लॅबमधल्या डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं. इथपर्यंत त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "काय घालायचं ते सगळे सांगतात. किती मापाचं घालायचं ते एकही सांगत नाही."

साहेब बाजूनेच चालले होते. ते थांबले. साहेबांना आलेखांचं वेड आहे; सुबक आलेख पाहिला की त्यांना भूक लागत नाही. "शनिवारी मशीन रिकामं आहे," ते म्हणाले.

रविवार एका दिवसावर होता. काकूंना तो एक दिवस काढता आला असता, पण शनिवार म्हणजे मोकळं मशीन, मोकळी लॅब आणि मोकळे आम्ही. त्यांच्यासमोर एवढी मोठी फट कुणी ठेवायला नको होती.

शनिवारी आम्ही नाकाला मास्क लावून कामाला लागलो. सालीचे मोठे तुकडे फोडून द्यायचं फोड्याने अंगावर घेतलं. त्याच्या यंत्रावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आवाज न करता फुटलं, म्हणून तो नाराज झाला. मी शेवाळ कात्रीने बारीक कापलं. परलाइट चाळला तेव्हा पांढरी धूळ उडाली, तीही काकूंनी थाळीतून झाडून ठेवली, वाया कशाला घालवायची म्हणून. प्रत्येक चाळणीतला माल वेगवेगळ्या ट्रेमध्ये आला. साहेबांनी आलेख काढला, मग कुठल्या मापाचं किती घ्यायचं ते बदलून परत काढला, आणि तिसऱ्यांदा रेषा अशी गुळगुळीत वर गेली की आम्ही चौघं तिच्याभोवती उभे राहिलो.

"वाळूचा इतका सुंदर येत नाही कधी," साहेब म्हणाले. त्यांनी तो कागद फळ्यावर टाचणीने लावला.

मी सिव्हिलमध्ये पदवी घेतली आहे. साहेबांनी दोन घेतल्या आहेत. कुणालाही काही खटकलं नाही.

घरी जाऊन काकूंनी जुनं शेवाळ धुऊन काढलं आणि झाड नव्या मिश्रणात लावलं. काँक्रीटचा साचा भरताना आम्ही थर देतो आणि प्रत्येक थर सळईने ठासतो, आत हवा राहू नये म्हणून. काकूंनी थर दिले आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ठासले. वरून तळहाताने दाबून बघितलं. घट्ट होतं.

रविवारी फोन आला तेव्हा काकांच्या हातातून तो त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतला.

"छकू, झालंसुद्धा."

"काय झालं?"

"मिश्रण. बदललं मी. काल."



"आपण आज ठरवणार होतो," छकू म्हणाली.

"हो, पण काल मशीन रिकामं होतं. अगं, ऐक तर काय काय घातलं ते. साहेबांनी स्वतः..."

"आता घातलंस ना? मग मला काय सांगतेस. बाबांना दे."

काकांनी फोन कानाला लावला, हं, हं केलं आणि ठेवून दिला. काय म्हणाली, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "ठेवते म्हणाली."

त्या सोमवारी काकूंनी एकच नमुना दोनदा चाळला. पहिल्यांदा चाळल्याचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. पुढच्या रविवारी फोन आला नाही. काकांना निरोप आला, कामात आहे. त्यानंतरच्या रविवारी निरोपही नाही. काकू दिवसभर घरात फिरत होत्या. पडदे काढून धुतले, चमच्यांचा खण उपसला, काकांना उठवून त्यांची खुर्ची पुसली आणि परत बसवलं. बाल्कनीत झाडाच्या सुरया वरच्या काठापासून वाळत चालल्या होत्या.

"पाणी तर मी देतेय," त्यांनी लॅबमध्ये सांगितलं. मशीन चालू होतं, त्यांचा हात मनोऱ्यावर होता. "मिश्रण इतकं चांगलं बसलंय की पाणी घातलं की किती वेळ वर उभं राहतं. खाली उतरतच नाही लवकर."

फोड्या ठोकळ्यांचे तुकडे झाडत होता. तो झाडता झाडता थांबला. "काकू."

"काय?"

"तुम्ही त्या झाडाला स्लॅब घातलाय."

 साहेबांनी चष्मा काढला, फळ्यावरच्या आलेखाकडे पाहिलं आणि चष्मा परत लावला. माझ्या डोक्यात कापलेलं शेवाळ, थाळीतली पांढरी धूळ, गुळगुळीत रेषा, सगळं एकदम जागेवर बसलं. घटपर्णी रानात कशी वाढते? दगडांच्या खाचांत, झाडांच्या खोडांवर, पालापाचोळ्यात. तिच्या मुळांना ओल लागते आणि हवा लागते. दोन्ही एकाच वेळी. आम्ही चौघांनी मिळून, मापं काढून, हवेची एकूण एक जागा बुजवली होती.

काकूंनी हात पुढे करून मशीन बंद केलं. चालू चाचणी त्यांनी मध्येच बंद केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"मी घरी जाते," त्या म्हणाल्या. "मोठे तुकडे उरलेत माझ्याकडे. आत्ता काढते आणि आत्ता भरते." पर्स उचलून त्या दारापर्यंत गेल्या. दार ढकललं. आणि तिथेच उभ्या राहिल्या, दार अर्धं उघडं धरून.

"काय झालं?" मी विचारलं.

"परत मीच ठरवलं तर?"

"पण काकू, झाड गुदमरतंय," फोड्या म्हणाला.

"कळतंय मला. ओरडू नकोस."

तो ओरडला नव्हता.

छकूला फोन करायचा तर तिने तो करायचा नाही म्हणून सांगितलेलं. काकूंनी दारातूनच काकांना फोन लावला. तुम्ही करा तिला, तुम्ही सांगा. आम्हाला काकांचा आवाज ऐकू आला. "मी काय सांगू? आहे, असं? तूच लिही तिला. लिहायला कुठे मनाई केलीय तिने?"

मग काकू माझ्या शेजारी उभ्या राहून मेसेज लिहायला लागल्या. पहिला मेसेज लांबलचक होता. त्यात रोपवाटिकेतला माणूस होता, रिकामं मशीन होतं, साहेब तर नावानिशी दोनदा होते. तो त्यांनी वाचला आणि पुसला. दुसऱ्यात साहेब एकदाच होते. तोही पुसला. शेवटी राहिलं ते असं: "छकू, मी फार बारीक केलं आणि घट्ट भरलं. पाणी उतरत नाही, झाड सुकतंय. माझी चूक झाली. काय करायचं? तू सांगेपर्यंत हात लावत नाही."

"जरा कोरडं नाही वाटत?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी लॅबमधल्या झाडून सगळ्या चाळण्या ब्रशने साफ केल्या, अगदी कपाटातल्या जुन्या वाकलेल्यासुद्धा. घरी काय झालं ते काकांनी नंतर मला सांगितलं. काकू बाल्कनीत झाडासमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "लग्नानंतर इतका वेळ बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो," काका म्हणाले. "मला वाटलं, बरं नाही वाटत की काय. पाणी देऊ का विचारलं तर म्हणाली, नको, अजून उतरलं नाही. ती झाडाचं सांगत होती."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला काकूंच्या मोबाइलवर फोन आला. काकांच्या नाही, काकूंच्या. त्यांनी तो उलटा धरला, मग सरळ केला.

"झाडापाशी आहेस?" छकूने विचारलं.

"लॅबमध्ये."

"मग घरी जाऊन व्हिडिओ लाव. मी अर्धा दिवस घेतलाय." आणि फोन बंद.

साहेबांनी न विचारताच दाराकडे हात केला. मला म्हणाले, "तूही जा, फोन धरायला कुणीतरी लागेल." फोड्यालाही यायचं होतं, पण साहेब म्हणाले की आपला हात एकदा लागलाय तेवढा पुरे.

काकूंच्या बरोबर चालणं म्हणजे मागून धावणं. जिना चढून आम्ही आत गेलो तेव्हा काकांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. मी फोन धरला. पडद्यावर छकू आली. डोळे आईचेच होते, म्हणजे आल्याआल्या खोलीत काय काय हललंय ते बघणारे.

"पडदे धुतलेस," ती म्हणाली.

"हो."

"बरं. झाड दाखव."

मी कुंडीजवळ फोन नेला.  वरच्या बाजूला दोन पानं ताठ होती, बाकीची मलूल. सुरया कागदासारख्या झाल्या होत्या.

"तुझ्याकडे काय काय आहे, ते मांड."

काकूंनी टेबलावर ढीग लावले. न कापलेलं लांब धाग्यांचं शेवाळ, सालीचे तुकडे, सोडणाचे तुकडे, परलाइट. सवयीने सगळे ढीग एका रेषेत.

"तुला काय वाटतं?" छकूने विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे. त्यांना हा प्रश्न कळायला वेळ लागत होता.

"मला?" त्या म्हणाल्या. "मला वाटतं पूड नको. अजिबात."

"बरोबर. मग?"

"शेवाळ ओल धरतं. तुकडे हवा देतात. मुळं आधीच गुदमरलीत, म्हणजे हवा जास्त हवी. शेवाळ कमी घेऊ?"

"मी अर्धं म्हणणार होते. पण तुझं पटतंय. कमी घे. साल जास्त की सोडण?"

"सोडण मी धुतलंय चांगलं. पण मीठ राहिलं असलं तर? आता त्यावर हवाला नको. साल घेऊ."

"चालेल."

"किती मापाची?" काकूंनी विचारलं, आणि चाळण आणली नाही म्हणून दाराकडे बघितलं.

छकू हसली. फार नाही. "अंगठ्याच्या नखाएवढी, आई. नजरेने निवड."

काकूंनी सालीचा एकेक तुकडा अंगठ्याला लावून निवडला. काका शेवाळ भिजवून पिळत होते. तिकीट फाडल्यासारखे त्याचे पुंजके काढून ते ओळीत ठेवत होते. मग काकूंनी कुंडी आडवी केली. मिश्रण ठोकळ्यासारखं एकसंध बाहेर आलं, कुंडीच्या आकारात. एखादा ठोकळा साच्यातून असा निघाला तर आम्ही खूश होतो.  काकूंनी तो पाण्यात धरला आणि बोटांनी हळूहळू विरघळवला. आतून बारीक, काळी, केसांसारखी मुळं निघाली.

"गेली गं. काळी झालीत सगळी." काकूंनी कात्री उचलली.

"थांब. ती काळीच असतात. चिमटीत धरून बघ. मऊ लागेल ते काप, कडक आहे ते राहू दे."

काकूंनी एकेक मूळ चिमटीत धरलं. मूठभर माल चोळून बघणारी बोटं ती, पण मुळांवर त्यांचा भरवसा बसत नव्हता. दर खेपेला त्या मूळ फोनसमोर धरायच्या आणि छकू म्हणायची, "मला इथून कसं कळणार? तू सांग." शेवटी त्या स्वतःच म्हणायला लागल्या, "हे कडक आहे. हे मऊ. हे कडक." बरीच कापावी लागली.

मग भरणं. काकूंचा हात पेन्सिलीकडे गेला. छकूला पडद्यावर तो दिसला असणार.

"ठासायचं नाही."

"मग पोकळ नाही राहणार?"

"राहायलाच हवं. कुंडी टेबलावर हलकेच आपट, जेवढं बसेल तेवढं बसू दे."

काकूंनी कुंडी आपटली, अगदी हलकेच. झाड किंचित कललं. त्यांनी सावरायला बोट नेलं आणि मागे घेतलं. वरून पाणी घातलं तर ते सगळंच्या सगळं क्षणात खालून टेबलावर आलं, तिथून काकांच्या पायावर.

"सगळं गळून गेलं," काकू म्हणाल्या. असा माल त्यांनी आयुष्यात नापासच केला होता.

"जाऊ दे. तसंच हवं." छकू म्हणाली, "आई, वाचेल की नाही मला माहीत नाही. इतक्या थोड्या दिवसांत मुळांना दोनदा हलवलंय. वरून पारदर्शक पिशवी घाल, ऊन थेट लागणार नाही असं ठेव. आणि रोज उघडून बघू नकोस."

"नाही बघणार."

"म्हणतेस तू."

"बाबा आहेत ना."

"मी पहारा देतो," काका पाय पुसत म्हणाले. "विनापरवाना कुणी उघडलं तर उतरवून देईन."

नंतरच्या दिवसांत सुरया सगळ्या गळाल्या. मलूल पानंही गेली. पिशवीच्या आत दोन पानं आणि एक खोड, एवढंच दिसायचं, बाकी वाफ. काकू लॅबमध्ये आधीसारख्याच उभ्या असायच्या, पण मशीन चालू असताना एक पाय दुसऱ्यावर चोळत राहायच्या. फळ्यावरचा आलेख साहेबांनी कधीतरी गुपचूप काढला. मी विचारलं नाही.

रविवारी फोन आला तो काकूंच्या मोबाइलवर. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, सोमवारी, इतक्या बारकाव्यांनी की मी तिथे असल्यासारखं वाटावं.

"कशी आहे?" छकूने विचारलं.

"तशीच."

"पिशवी काढून बघितलं नाहीस?"

"नाही."

"खरं?"

"बाबांना विचार."

"नाही बघितलं," काका मागून म्हणाले. "पिशवीबाहेरून बघते, त्याला नियम नाही."

"काही नवीन फुटवा?"

"काही नाही. दोन पानं आहेत. कालच्यासारखीच."

आणि झाडाविषयीचं संपलं. काकूंनी बाल्कनीकडे पाहिलं, आणखी काही सांगण्यासारखं सापडतंय का म्हणून. पिशवी, दोन पानं, वाफ. सुरई नाही, झाकण नाही, दोरी नाही. एरवी एवढ्यावर छकू म्हणायची, बरं, ठेवते. काकूंनी फोन कानाला घट्ट धरला आणि त्या शब्दाची वाट बघत राहिल्या. पलीकडे कुठेतरी नळ चालू झाला आणि बंद झाला.

"इकडे माझ्या खोलीत एक नवीन मुलगी राहायला आलीय," छकू म्हणाली. "झोपेत बोलते. सगळं अगदी स्पष्ट बोलते, आपण उत्तर दिलं तर रागावतेसुद्धा."

काकूंच्या जिभेवर एकाच वेळी तीन गोष्टी आल्या होत्या. खोली बदलून माग. कपाटाला कुलूप लावत जा. त्या मुलीच्या घरी हे माहीत आहे का ते विचार, नाहीतर मी विचारते. तिन्ही त्यांनी गिळल्या. सोपं नव्हतं, त्या उठल्या आणि फोन कानाला लावून बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत अशा येरझारा घालायला लागल्या. काकांनी पाय वर घेतले.

"हं," त्या म्हणाल्या. "मग? काय बोलते?"

आणि छकू सांगायला लागली.